परसवाड्याची जीप

कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाला पोहोचायला एका पूर्ण दिवसाहून अधिक वेळ घेते. मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, नागपूर असा सारा महाराष्ट्र खिडकीतून दाखवत ती राज्याच्या दुसऱ्या टोकाला येते. घाई असलेल्या माणसाने तिच्यात बसू नये. मला घाई नव्हती. मे महिन्याची सुटी होती आणि पिशवीत निपाणीच्या मिस्त्रीने दिलेले पाने, सँडपेपर आणि गंज सुटण्याच्या तेलाचे दोन डबे होते.

गोंदियाच्या पुढे मध्य प्रदेश. बालाघाट वैनगंगेच्या काठी आहे, आणि तिथून सातपुड्याचा चढ चढून परसवाड्याला जायचे. वाटेत साल आणि बांबूचे जंगल लागते. याच जिल्ह्यात भरवेली आणि उकवा इथे मँगनीजच्या खाणी आहेत, आणि कान्हा अभयारण्याचा मुक्कीचा दरवाजाही याच जिल्ह्यात. पर्यटक तिकडे वाघ बघायला जातात. मी परसवाड्यात आत्याकडे एक जीप बघायला गेलो.

निपाणीची मुलगी इतक्या लांब कशी दिली, असे आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. उत्तर विडीत आहे. तंबाखू निपाणीचा, विडीचे कारखाने गोंदियाला आणि तेंदूची पाने बालाघाटच्या जंगलातली. आजोबा तंबाखूच्या निमित्ताने गोंदियाला जात, तिथे पानांच्या व्यापाऱ्याकडचे मुनीम ओळखीचे झाले आणि सोयरीक जुळली. १९६४ मध्ये मध्य प्रदेशने तेंदूपानाचा व्यापार सरकारी ताब्यात घेतला, तरी जंगलातले फड, मजूर आणि हिशेब राहिलेच. त्या फडांवर फिरण्यासाठी मामांनी १९७९ मध्ये लिलावात ही जीप घेतली. (आत्याचे यजमान आमच्याकडे मामाच. कन्नडमध्येही मावा म्हटले की आईचा भाऊ, आत्याचा नवरा आणि सासरा तिघेही आले, त्यामुळे आमच्या घरात कोणाचाच गोंधळ होत नाही.)

जीप १९६८ सालची आहे. महिंद्रा कंपनी १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी निघाली. तेव्हा तिच्या नावात मोहम्मद हेही आडनाव होते. ते भागीदार, मलिक गुलाम मोहम्मद, फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. १९४७ पासून मुंबईत माझगावला अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग जोडून गाड्या तयार होऊ लागल्या. मामांची जीप सीजे-थ्रीबी नमुन्याची, म्हणजे उंच बोनेटची. तिचे पेट्रोल इंजिन आधीच्या जीपपेक्षा उंच होते, ते मावावे म्हणून बोनेटच वर उचलले. दिसायला ती थोडी बावळट दिसते, पण आपल्याकडच्या जुन्या माणसांना जीप म्हटले की हीच आठवते.

गोठ्याच्या पडवीत ती सोळा वर्षे उभी होती. मामा गेले त्या वर्षापासून कोणी हलवलीच नव्हती. चारही टायर बसलेले, मागच्या बाकावर कोंबडीने अंडी घातलेली. पायाखालचा पत्रा बोटाने दाबला तर आत गेला. चासीवर मात्र हातोडीने ठोकत गेलो तेव्हा आवाज खणखणीत आला. जुनी गाडी घेणाऱ्याने रंग बघू नये, चासी बघावी. पत्रा नवा कापून जोडता येतो, पण चासी कुजली असेल तर पुढचा सगळा खर्च पाण्यात. चासीवरचा नंबर घासून काढला आणि आरसी बुकाशी जुळवला. जुळला. आतेभावाने तेव्हा कुठे सुटकेचा श्वास सोडला, कारण नंबर जुळला नसता तर ती गाडी कागदोपत्री भंगारच.

मोठा प्रश्न इंजिनाचा होता. पेट्रोल परवडेना म्हणून मामांनी १९८६ मध्ये मूळ इंजिन काढून ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन बसवले. तशी रीतसर नोंदही पुस्तकात आहे. आता २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणायची.

म्हणजे मूळ पेट्रोल इंजिन शोधायचे की नाही? बंगळूरच्या शिवाजीनगरात, मुंबईच्या कुर्ल्यात शोधले तर मिळेलही. माझे मन त्या बाजूला झुकत होते. प्राध्यापकाला मूळ संहितेचे वेड असतेच. आतेभावाला गाडी विकून मोकळे व्हायचे होते. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता.

आत्या ओट्यावर बसून ऐकत होती. परसवाड्यात ती हिंदी बोलते, शेजारणींशी पोवारी, मुलांशी मराठी. माझ्याशी मात्र आल्या क्षणापासून कन्नड. ‘यावाग बंदी? ऊट आता?’ असे विचारताना तिचा आवाजच बदलला होता. सून दारात थांबून बघत होती. सासूला ही भाषा इतकी भरभर येते हे तिने प्रथमच ऐकले. १ नोव्हेंबर १९५६ ला निपाणी म्हैसूर राज्यात गेली आणि विदर्भ मुंबई राज्यात जाऊन बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. एकाच दिवशी आखलेल्या दोन रेषांच्या कडेला आत्याचे माहेर आणि सासर.

ती म्हणाली, ‘पेट्रोलचं इंजिन मी फार ऐकलंच नाही रे. त्यांची गाडी म्हणजे ती धडधड. फडावरून रात्री निघाले की नाक्यापासून कळायचं, मग मी भाकरी टाकायची. ते इंजिन काढलंस तर ती गाडी तुझी, न्यायची तर घेऊन जा. ठेवलंस तर इथंच दुरुस्त कर.’

मी ठेवले. व्हिंटेजची पाटी त्यामुळे मिळणार नाही. जुनी नोंदणीच नूतनीकरण करून घ्यावी लागेल आणि त्यासाठी तपासणीत गाडी पास व्हावी लागेल. निपाणीच्या मित्रांना हा निर्णय पटलेला नाही. त्यांच्या मते मी जीप दुरुस्त करतो आहे, पुनरुज्जीवन करत नाही. असेल.

इंजिन जाम होते. गावातल्या सत्तरीच्या मिस्त्रीने जोर लावायला साफ मना केले. चारही नोझल काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये रॉकेल आणि तेल ओतले, भोकांत चिंध्या कोंबल्या आणि ‘अब दो दिन इसको भूल जाओ’ म्हणून तो घरी गेला. त्या दोन दिवसांत आम्ही सीट काढल्या, ब्रेकच्या नळ्या काढल्या, पाटे रॉकेलने धुतले. प्रत्येक बोल्ट कुठला ते वहीत लिहून डब्यांत ठेवले. सीटखाली फडावरच्या पानांच्या गड्ड्यांचा हिशेब सापडला, मामांच्या मराठीत, आकडे मात्र हिंदी पद्धतीचे. तो आत्याने घेतला.

तिसऱ्या दिवशी पुढच्या पुलीवर पाना लावला. आधी काहीच नाही. मिस्त्रीने उलट्या बाजूला जरासा हिसका दिला, पुन्हा सुलट, आणि पाव फेरा फिरला. मग अर्धा. नोझलच्या भोकांतून काळे रॉकेल उडून माझ्या सदऱ्यावर आले. रिंगा तुटल्या आहेत की नाही, ते हेड उघडल्यावर कळेल. ते काम पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुटीत. तोवर पायाखालचा पत्रा बालाघाटहून कापून आणायचे आतेभावाने कबूल केले आहे, आणि कोंबडीसाठी वेगळी टोपली ठेवली आहे.