तंजावरचे मराठी सूर

तंजावरचे राजे दुसरे सरफोजी भोसले (१७७७–१८३२) यांनी नृत्यासाठी मराठीत रचना केल्या, त्याही तमिळ मुलखात बसून. भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याहून तिकडे जायचे तर तुमसर, नागपूर, चेन्नई आणि पुढे कावेरीचे खोरे असा मार्ग आहे. निघताना धानाच्या बांध्या, उतरतानाही धानच. भंडाऱ्याकडे भोसले म्हटले की नागपूरकर आठवतात. तंजावरचे भोसले मात्र शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांचे वंशज.

तंजावरचे राजे तुळजाजी यांनी १७८७ मध्ये सरफोजींना दत्तक घेतले. गादीवर हक्क सांगणारे अमरसिंह आडवे आल्याने श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने सरफोजींचा सांभाळ केला. १७९८ मध्ये गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षी तहाने कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाजवळ किल्ला, दरबार आणि भरपूर वेळ उरला. तो त्यांनी सत्कारणी लावला, असेच म्हणावे लागेल.

हायडन आणि बेथोव्हेन युरोपात लिहीत होते, त्याच काळात तंजावरच्या दरबारात मृदंगाशेजारी पाश्चात्त्य वाद्यांचा बँडही वाजे. थोड्याच अंतरावर तिरुवैयारूला त्यागराज राहत. सरफोजींच्या नृत्यरचनांना ‘निरूपण’ म्हणतात. एका निरूपणात शब्द, वर्ण, पद, तिल्लाना असे प्रकार ओळीने येतात. म्हणजे नर्तकीला सबंध कार्यक्रमच हाती मिळे. त्यांची ‘देवेंद्र कुरवंजी’ ही नाटिका त्याहून गमतीची: भविष्य सांगणारी भटकी कुरवंजी तिथे चक्क जगाचा भूगोल सांगते. नाटकातून धडा देण्याची ही हौस शिकलेल्या राजालाच सुचावी.

राजवाड्यातल्या सरस्वती महालात ताडपत्रांच्या पोथ्या, मोडी कागद आणि सरफोजींनी स्वतः सही केलेली इंग्रजी पुस्तके आहेत. इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनने घडवलेला त्यांचा संगमरवरी पुतळा दरबार दालनात उभा आहे. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर त्यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. अक्षरे देवनागरी असल्याने सिहोऱ्याचा शाळकरी पोरही ती लावून वाचू शकेल.

वारस नसल्याने १८५५ मध्ये हे राज्य खालसा झाले आणि निरूपणे पोथ्यांतच पडून राहिली. विसाव्या शतकात मुंबईचे नृत्यगुरू पार्वतीकुमार यांनी ती अभ्यासून पुन्हा रंगमंचावर आणली.