मागे लागलेली जाहिरात

चामटोलीत आम्ही काही कार्यकर्ते दर रविवारी जात पडताळणीचे अर्ज भरून देतो. पूर्वी एकदा येऊन गेलेल्या माणसाला आम्ही पोस्टकार्ड टाकत असू, 'कागद अपुरे आहेत, येऊन जावे. जयभीम.' गेल्या वर्षी पोरांनी वेबसाइट काढली. पाहणारे पुष्कळ, येणारे थोडे. तेव्हा एकाने सुचविले, साइट पाहून गेलेल्यांनाच पुन्हा जाहिरात दाखवू. खर्चही फार नव्हता. आम्ही होकार दिला.

ह्याची रीत अशी. साइट उघडली की ब्राउझरमध्ये 'कुकी' नावाची बारीकशी खूण राहते. मग माणूस क्रिकेटचा स्कोअर बघो की भाजीची कृती, जाहिरात दाखविणाऱ्या कंपनीला ती खूण ओळखू येते आणि आपलीच जाहिरात तेथेही उभी राहते. गूगलने ही सोय 2010 साली दिली. पण समोर कोण बसले आहे हे त्या खुणेला ठाऊक नसते. हे आमच्या डोक्यातच आले नाही.

पंधरवड्यात एक मुलगी रडवेली होऊन आली. खाजगी कचेरीत कामाला. आडनावावरून जात कळत नाही, तिनेही कधी सांगितली नव्हती. बारावीतल्या भावासाठी तिने जेवणाच्या सुट्टीत कचेरीच्या संगणकावर आमची साइट पाहिली. दुसऱ्या दिवशी त्याच संगणकावर शेजारची बाई बसली, तर समोर 'पडताळणी अडली? जयभीम, आम्ही आहोत!' मजकूर आमचाच, मोठ्या हौसेने लिहिलेला. त्या दिवसापासून रोजच्या मैत्रिणींनी डबा वेगळा खायला सुरुवात केली.

"काका, माझं काय चुकलं?" आम्हांला उत्तर देता येईना.

आमच्यातले एक जण म्हणाले, बौद्धाने लपवावे कशाला? बरोबर आहे. पण कोणाला, केव्हा सांगायचे ते तिने ठरवायचे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितले आहे. 2023 च्या माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांचा असा माग काढून जाहिरात दाखविण्याला मनाई लिहिली आहे. आणि आमच्याकडे येणारी निम्मी मुले तर अकरावी-बारावीचीच!

जाहिरात बंद केली. तिला ब्राउझरमधल्या कुकी पुसायला दाखविले. आता विचारून, ज्याने नंबर दिला त्यालाच फोन करतो. पोस्टकार्डही पोस्टमन वाचत असेलच म्हणा!

तिच्या भावाच्या अर्जाला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा हवा आहे. आजोबांच्या शाळेत गुरुवारी जाऊन जुने रजिस्टर पाहायचे ठरले आहे.