लंकेतले शेवटचे चार दिवस

श्रीलंका पाहून यावे अशी आम्हा दोघा मित्रांची फार दिवसांची इच्छा होती. दोघेही कारकून. दरमहा पगारातून थोडे थोडे बाजूला टाकत तीन वर्षांत खर्चाची जमवाजमव केली आणि मार्चअखेरची कामे अंगावर येण्याआधी, २०२४ च्या फेब्रुवारीत नऊ दिवसांची रजा टाकून निघालो. पहिले पाच दिवस समुद्रकाठ, सिगिरिया आणि दंबुल्लाची लेणी पाहण्यात गेले. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे. येथे शेवटच्या चार दिवसांचीच हकीकत सांगावयाची आहे. ज्यासाठी गेलो होतो ते या चार दिवसांत पाहायला मिळाले आणि ज्याचा विचार केल्याशिवाय आपल्याला पुढे जाता येणार नाही तेही दिसले.

शुक्रवारी अनुराधपूरला होतो. त्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमेला तिकडे ‘पोया’ म्हणतात. दर पोयाला सरकारी सुट्टी असते, दारूची आणि मांसाची विक्री बंद असते. फेब्रुवारीच्या पोयाला ‘नवम पोया’ म्हणतात. सारिपुत्त आणि मोग्गलान यांना भगवान बुद्धांनी अग्रश्रावक नेमले, त्याची आठवण या दिवशी करतात. सकाळी सहापासून रस्त्याने पांढऱ्या वस्त्रांतली कुटुंबेच्या कुटुंबे चालली होती. आजी, सून, शाळकरी मुले, कडेवरची बाळे, सगळे पांढऱ्यात. वडीलधारी मंडळी दिवसभरासाठी अष्टशील घेऊन झाडाखाली बसली होती. लाऊडस्पीकरचा गोंगाट नाही, पुढाऱ्यांची भाषणे नाहीत. हजारो लोक असूनही लहान मुलाचे रडणे ऐकू यावे इतकी शांतता!

श्री महाबोधी वृक्षाजवळ आम्ही बराच वेळ बसलो. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा थेरी हिने बुद्धगयेहून आणलेल्या फांदीचा हा वृक्ष. उंच ओट्यावर, सोनेरी कठड्याच्या आत. जवळ जाता येत नाही, खालूनच वंदन करायचे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष याच झाडाचा. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तो येथून आणला. म्हणजे आपल्या अंगणातल्या झाडाचे आजोळच आम्ही पाहत होतो. शेजारच्या एका म्हातारीने आमच्या हातात कमळाच्या कळ्या दिल्या आणि पाकळ्या बाहेर दुमडून फूल कसे उमलवायचे ते दाखवले. कळ्या तिने मोजून दिल्या, “एक, देक, तुन, हतर, पह.” आम्ही तिला आपले एक, दोन, तीन, चार, पाच म्हणून दाखवले तेव्हा ती मनापासून हसली. सिंहली आणि मराठी या एकाच भाषाकुळातल्या बहिणी आहेत हे पुस्तकात वाचले होते. तिथे ते कानांनी ऐकले.

दुट्ठगामणी राजाने बांधलेला रुवनवेली स्तूप पांढराशुभ्र आहे. राजा महासेनाचा जेतवन स्तूप मात्र उघड्या विटांचा. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला हा स्तूप मुळात सुमारे १२२ मीटर उंच होता, आज सुमारे ७१ मीटर उरला आहे. त्यात नऊ कोटी तेहतीस लाख विटा असाव्यात असा अंदाज आहे. आमच्यातला कारकून जागा झाला. रोज एक हजार विटा रचल्या तर काम संपायला किती दिवस? त्र्याण्णव हजार तीनशे दिवस, म्हणजे अडीचशे वर्षांहून जास्त! राजाचे नाव राहिले. विटा भाजणाऱ्यांची आणि वाहणाऱ्यांची नावे कोणत्या वहीत असतील?

शनिवारी बसने कँडीला आलो. तळ्याकाठी दळदा मालिगावा, म्हणजे भगवंतांच्या दंतधातूचे विहार. चौथ्या शतकात कलिंगाहून एका राजकन्येने केसांत लपवून हा दंतधातू लंकेत आणला अशी परंपरा सांगते. पूजेच्या वेळी ढोल वाजतात, वरच्या मजल्यावरचे दार उघडते आणि रांगेतून सरकताना क्षणभर सोन्याचा करंडक दिसतो. १९९८ च्या जानेवारीत, यादवी युद्धाच्या काळात, या विहाराच्या दारात बॉम्बस्फोट झाला होता. आज दुरुस्त झालेल्या भिंतींवरून ते ओळखूही येत नाही.

याच कँडीत २५ मे १९५० रोजी जागतिक बौद्ध परिषदेची स्थापना झाली. त्या अधिवेशनाला बाबासाहेब आले होते. ते तेव्हा भारताचे कायदामंत्री होते. धम्म येथे लोकांच्या आचरणात किती जिवंत आहे हे त्यांना स्वतः पाहायचे होते. दीक्षाभूमीवरचा ऐतिहासिक दिवस त्यानंतर सहा वर्षांनी उगवला. आपणही त्याच गावात उभे आहोत या जाणिवेने आम्ही दोघे काही वेळ बोललोच नाही.

संध्याकाळी एका लहान विहारात एक तरुण भन्ते भेटले. इंग्रजी चांगले बोलत होते. त्यांच्याशी संघाच्या इतिहासावर बोलणे निघाले. अठराव्या शतकात लंकेत उपसंपदा देण्यापुरतेही भिक्खू उरले नव्हते. म्हणून कीर्तिश्री राजसिंह राजाने सयामहून भिक्खू बोलावले आणि १७५३ मध्ये कँडीत उपसंपदा पुन्हा सुरू झाली. तोच सियाम निकाय. पण काही वर्षांतच या निकायाचे दार गोविगम जातीखेरीज इतरांना बंद झाले. गोविगम म्हणजे शेती करणारी जात. तिकडे ब्राह्मण जात नाही, शेतकरीच सर्वांत वर. दालचिनी सोलणाऱ्या सलागम जातीतल्या भिक्खूंना उपसंपदेसाठी समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात जावे लागले. १८०३ मध्ये ते परतले आणि अमरपुर निकाय स्थापन झाला. सियाम निकायात तो जातीचा नियम आजही चालतो.

“आणि अमरपुर निकायात जात नाही?” आम्ही विचारले.

भन्ते थोडे थांबले. म्हणाले, “तिथेही पुढे जातीजातींचे गट पडले. हे खरे आहे, मी लपवणार नाही.”

आम्हाला उपालीची आठवण झाली. उपाली हा शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्र त्याच्याबरोबर प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा भगवंतांनी आधी उपालीला संघात घेतले, म्हणजे राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागेल. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगितला तो याच उपालीने. आणि योगायोग असा की १७५३ मध्ये सयामहून आलेल्या प्रमुख थेरांचे नावही उपालीच होते! नाव तेच, पण लवकरच त्या दारातून न्हाव्याला आत येता येईना.

रविवारी कँडीच्या बस स्टँडवर एक इंग्रजी वर्तमानपत्र घेतले आणि नुवारा एलियाच्या बसमध्ये बसलो. वर्तमानपत्रात वधू-वरांच्या जाहिरातींची पाने होती. शिक्षण, नोकरी, उंची आणि त्यापुढे ‘गोवि बौद्ध’. काही जाहिरातींत तर नुसती दोन आद्याक्षरे, वाचणाऱ्याला कळतेच. आमचे मित्र म्हणाले, “अरे, आपल्याकडच्या वधू-वर मेळाव्यात काय वेगळे चालते? फॉर्मवर ‘बौद्ध’ लिहितात आणि चहा पिताना हळूच पोटजात विचारतात!” यावर आम्ही काय बोलणार?

घाट चढताना दोन्ही बाजूंना चहाचे मळे लागले. मध्येच एका ठिकाणी उतरलो. आमचे मित्र धारावीत वाढलेले, त्यांना कामापुरते तमिळ येते. पाठीवर पिशवी लावून पाने खुडणाऱ्या एका बाईशी ते बोलले. तिने आम्हाला आपली खोली दाखवली. ब्रिटिशांच्या काळापासूनच्या एका रांगेतल्या खोल्या, एका कुटुंबाला एक. या लोकांचे पूर्वज तमिळ मुलखातून मजूर म्हणून आणलेले, त्यांत दलितांची संख्या मोठी. १९४८ च्या कायद्याने या लाखो मजुरांचे नागरिकत्व गेले. उरलेल्यांना ते पूर्णपणे मिळायला २००३ साल उजाडले. त्या वेळी मजुरी दिवसाला एक हजार रुपये होती, तीही ठरलेले वजन भरले तर. आपल्या पैशांत पावणेतीनशेही नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती १,३५० झाली. बाईने आम्हाला काळा चहा दिला, पैसे घेतले नाहीत.

सोमवारी कोलंबोत शेवटचा दिवस. रात्रीचे विमान. दुपारी बजाजच्या तीनचाकीने, म्हणजे आपल्या पुण्याच्याच रिक्षाने, टाऊन हॉलपर्यंत गेलो. पांढऱ्या घुमटाची देखणी इमारत, समोर विहारमहादेवी बाग. १९५० च्या त्याच दौऱ्यात बाबासाहेबांनी टाऊन हॉलमधल्या सभेत लंकेतल्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना बौद्ध धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले होते. कँडीत बौद्धांची परिषद चालू असताना ज्यांना कोणी विचारत नव्हते, त्यांची आठवण त्यांना होती. आम्हाला चहाच्या मळ्यातली ती खोली डोळ्यांसमोर दिसू लागली.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. पांढरे कपडे बरोबर ठेवा. स्तूपाभोवती अनवाणी फिरावे लागते आणि दुपारी दगड तापतात, म्हणून जाड मोजे घ्या. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिकडे तो अवमान समजतात. अनुराधपूरला पासपोर्ट दाखवल्यास सार्क देशांच्या प्रवाशांना तिकिटात सवलत मिळते. आणि जमल्यास पौर्णिमा साधूनच जा.

बंधू-भगिनींनो, लंकेकडून आपण एक गोष्ट जरूर शिकावी. दर पौर्णिमेला घरादारासह, शांतपणे, कोणी बोलावल्याशिवाय विहारात जाण्याची सवय. आपल्या वस्त्यांतल्या विहारांचे कुलूप जयंतीलाच उघडते, हे चित्र बदलायला हवे. आणि दुसरी गोष्ट त्यांच्याकडे पाहून सोडून द्यावी. धम्म दोन हजार वर्षे नांदला तरी दारावर राखण ठेवली नाही तर जात मागल्या दाराने आत येते. आपण तर अजून पहिल्याच शतकात आहोत. पुढच्या वधू-वर मेळाव्यात कोणी पोटजात विचारली, तर त्याला तिथेच, चारचौघांत, उपालीची गोष्ट सांगावी.