खोडलेलं दीव

मी नोकरीला लागलो त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. मिळालेल्या टेबलाच्या खालच्या खणात जुन्या छापील फॉर्मांचा एक गठ्ठा होता. मथळा होता 'गोवा, दमण आणि दीव सरकार'. त्यातलं 'दमण आणि दीव' कुणीतरी निळ्या शाईने, पट्टी लावून, प्रत्येक फॉर्मावर नीट खोडलं होतं. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झालं, पण फॉर्म संपले नव्हते ना! सरकारी कागद फुकट कसा घालवायचा?

फॉर्मावर खोडलं तरी कायद्यांत ते नाव राहिलंच. १९६८ ची जमीन महसूल संहिता घ्या. किंवा ज्यावरून आपण मराठीवाले इतकी वर्षं भांडत आलो तो १९८७ चा राजभाषा कायदा. त्याच्याही नावात दमण आणि दीव आहे. कोकणी राजभाषा, गोव्यात मराठीच्या वापराची तरतूद आणि दमण-दीवसाठी गुजराती. ही गुजराती कुणासाठी, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. टिपणात कायद्याचं पूर्ण नाव लिहायचं, पुढे जायचं. दीव माझ्यासाठी तेवढंच होतं.

गेल्या जानेवारीत कचेरीतल्या तरुण मंडळींनी टूम काढली. पाठीवर सॅक, स्वस्तातली खोली, लाल बस, आणि दीव! सात जण जमले, त्यांत मीच वयाने मोठा. बायको म्हणाली, "गुडघे घेऊन जाताय ना बरोबर?"

केरळातून वेरावळला जाणारी गाडी मडगावला पकडली. वेरावळला उतरून बंदराकडे गेलो तर सुक्या मासळीचा वास आला आणि सगळ्यांना एकदम घर आठवलं. किनाऱ्यावर मोठमोठ्या लाकडी होड्या बांधायचं काम चाललेलं. नुसते सांगाडे उभे असतात आणि सुतार त्यांच्या पोटात बसून ठोकत असतात. मी तिथे तासभर उभा होतो. एवढं मोठं मासळीचं बंदर, पण आम्हाला जेवायला मिळाली वांग्याची भाजी आणि बाजरीचा रोटला. बरोबर नेलेल्या सोलांची कढी करायची राहूनच गेली.

शेजारीच सोमनाथ. आजच्या भव्य देवळात ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते प्रतिष्ठा झाली. पण जवळच अहिल्याबाई होळकरांनी १७८३ साली बांधलेलं लहानसं देऊळ आहे. तिथे खाली उतरून दर्शन घ्यायचं. मोठ्या देवळात आम्ही रांगेत होतो, इथे निवांत बसलो.

मग बसने ऊना, आणि तिथून घोघल्यावरून पूल ओलांडून दीव.

बेट तसं चिमुकलंच, चाळीसेक चौरस किलोमीटरचं. गुजरातेत दारूबंदी आणि इथे नाही, त्यामुळे शनिवार-रविवारी जी झुंबड उडते ती बघून आम्हा गोंयकारांना अजिबात परकं वाटलं नाही. किनाऱ्याचं नावसुद्धा नागोवा! माडासारखीच, पण फांद्या फुटलेली होका नावाची झाडं सगळीकडे. सेंट पॉलच्या चर्चसमोर उभा राहिलो आणि क्षणभर जुन्या गोव्यात असल्याचा भास झाला.

किल्ला मात्र बघावा तो दीवचाच. १५३५ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून परवानगी मिळवून पोर्तुगिजांनी तो बांधायला घेतला. पुढे १५३८ आणि १५४६ असे दोन वेढे त्याने सोसले. दुसऱ्या वेळी गव्हर्नर जुआंव द काश्त्रु स्वतः गोव्याहून आरमार घेऊन मदतीला आला. म्हणजे दीव अडचणीत आलं की डोळे गोव्याकडे लागायचे. समोर पाण्यात पाणीकोठा दिसतो, बुरुजावर तोफा आहेत. मुलं फोटो काढत होती. मी खाली येऊन बंदराजवळच्या चहाच्या गाड्यावर बसलो.

बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते. ऐंशीच्या पुढचे असतील. "कहां से?" मी म्हटलं, पणजी. त्यांचा चेहरा उजळला. "पणजी! आमची राजधानी!"

खरंच होती की. तीस आमदारांची विधानसभा. अठ्ठावीस गोव्याचे, एक दमणचा आणि एक दीवचा. काका सरकारी नोकरीत होते. पगारनिश्चितीसाठी त्यांचं सर्व्हिस बुक पणजीला गेलं, ते दोन वर्षं परत आलं नाही. पत्रांना उत्तर नाही. शेवटी १९७४ साली ते स्वतः निघाले. मुंबईपर्यंत गाडी, भाऊच्या धक्क्यावरून बोट, मग पणजी. तिथल्या एका कचेरीत ते तीन दिवस बाकावर बसून होते. दीवचा कागद नक्की कुणाच्या टेबलाचा, हेच ठरत नव्हतं. चौथ्या दिवशी एका कारकुनाने दुसऱ्या फायलींच्या खालून तो काढला, दोन ओळी लिहिल्या, आत जाऊन सही आणली.

"दहा मिनिटांचं काम होतं," काका हिंदीत सांगत होते. आवाजात राग नव्हता. "माणूस चांगला होता तो. मला चहा पाजला."

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता पणजीत?"

खोटं बोलावं असं क्षणभर मनात येऊन गेलं, ते इथे कबूल करतो. "सरकारी कारकून आहे," मी म्हटलं.

ते खळखळून हसले आणि गाडेवाल्याला ओरडून त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. पैसे देऊ दिले नाहीत. "त्या वेळचा राहिला होता," म्हणाले.

इतकी वर्षं मी 'साहेब रजेवर आहेत', 'फाईल वर गेलीय', 'पुढच्या आठवड्यात या' हे सगळं म्हणत आलोय. यात खोटं काही नसतं हो, खरंच साहेब रजेवर असतात. पण समोरचा माणूस कुठून निघून, काय काय बदलून इथवर आला, हे टेबलाच्या आतल्या बाजूने दिसत नाही. आणि आपला गोवा तर लहान! काणकोणहून पणजी म्हणजे काय, बसने दोन-अडीच तास. आपण त्याला अंतर मानतच नाही.

परत आल्यावर सोमवारी कचेरीत गेलो. पाठ धरली होती. ट्रेमध्ये खालून तिसरी फाईल काणकोणच्याच एका बाईंच्या अर्जाची निघाली. ऑगस्टपासून पडलेली. बाई दोनदा येऊन गेल्या होत्या, मला आठवत होतं. फाईल उघडली आणि घड्याळ बघून कामाला लागलो.

बारा मिनिटं लागली.