नेवऱ्याचे खेर, बुंदेलखंडाचे बुंदेले

गणपतीपुळ्याहून किनाऱ्याने रत्नागिरीकडे निघाले की थोड्याच अंतरावर नेवरे लागते. पेशवाईत उत्तरेचा मोठा मुलूख सांभाळणाऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांचे हे मूळ गाव. त्यांचे आडनाव खेर. ‘बुंदेले’ हे नाव त्यांना चाकरीच्या मुलखाने दिले.

१७२९ मध्ये बाजीराव महंमदखान बंगशाविरुद्ध बुंदेलखंडाचा राजा छत्रसाल याच्या मदतीला धावला. १७३१ मध्ये छत्रसाल वारला आणि राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा पेशव्यांकडे आला. त्याची व्यवस्था पाहायला गोविंदपंत गेले ते तिकडचेच झाले. सागर हे त्यांचे मुख्य ठाणे. तुटपुंज्या जमिनीवर भागेना म्हणून घाट चढणे कोकणात तेव्हा घरोघरचे होते. जवळच्याच कोतवड्याचे हरभट पटवर्धन, पुळ्याच्या गणपतीचे उपासक, इचलकरंजीकरांचे उपाध्ये झाले. त्यांच्या मुलांनी तलवार धरली, तरी आडनाव राखले. इचलकरंजीच्या नारो महादेव जोशींनी मात्र संताजी घोरपड्यांवरील निष्ठेपोटी धन्याचेच आडनाव घेतले.

बुंदेला हे छत्रसालाच्या राजपूत कुळाचे नाव. म्हणून नुसत्या आडनावाच्या मागे जाणारा ओरछ्याला पोचेल, नेवऱ्याला नाही. खरी वाट जुन्या पत्रांतून जाते. त्यांत आडनाव क्वचितच येते. स्वतःचे नाव आणि पुढे बापाचे नाव, एवढीच ओळख. पंत तिथे ‘गोविंद बल्लाळ’, मुलगे ‘बाळाजी गोविंद’ आणि ‘गंगाधर गोविंद’. पिढ्या जुळतात त्या या दुसऱ्या नावाने.

पानिपतच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी पंतांना लिहिलेली बरीच पत्रे इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात छापली. पैसा पाठवा, नावा जमवा, अब्दालीची रसद तोडा, असा तगादा त्यांत आहे. पंत तेव्हा म्हातारे, घोड्यावर बसणेही जड झालेले. तरी ते दुआबात उतरले आणि डिसेंबर १७६० मध्ये अब्दालीचा सरदार अताईखान याच्या अचानक छाप्यात मारले गेले. त्यांच्यावर ढिलाईचा ठपका ठेवला जातो; ही पत्रे ओळीने वाचली की तो फार कठोर वाटतो, इतका भार त्या एका माणसावर पडला होता.

पुळ्याच्या देवळाचा सभामंडप त्यांनी बांधला, असे तिथे सांगतात. मुलांनी सागर, काल्पी, जालौनचा कारभार पुढे चालवला. जालौन १८४० मध्ये कंपनी सरकारने खालसा केले.