गठ्ठा न उघडता घेतलेले मशीन

सिन्नरच्या एमआयडीसीत आमचा पेट बाटल्यांचा कारखाना आहे. भंगारवाल्यांकडून गठ्ठे येतात, फोडले जातात, बाटल्या निवडून दळतात, गरम कॉस्टिकमध्ये धुतात आणि तयार झालेले तुकडे, म्हणजे फ्लेक्स, पुढे विकले जातात. निवडीसाठी ऑप्टिकल सॉर्टर घ्यायचे ठरवले तेव्हा मी या धंद्यात नवखा नव्हतो. तरीही माझ्या गठ्ठ्यात शंभर किलोमागे नेमके काय काय येते, हे मी एकदाही वजन करून पाहिले नव्हते. पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच झाल्या.

घाई होती. केंद्राच्या २०२२च्या नियमांनी कठीण पॅकेजिंगमध्ये २०२५-२६पासून ३० टक्के आणि २०२८-२९पर्यंत ६० टक्के पुनर्वापरित प्लास्टिक बंधनकारक केले. बाटलीतून पुन्हा बाटली करणारे खरेदीदार माल मागू लागले आणि हाताने निवडलेला माल त्यांना पुरेसा स्वच्छ वाटेना. मशीन घेतले की हे गिऱ्हाईक आपले, असा मी हिशेब केला.

विक्रेत्याच्या शेडमध्ये प्रात्यक्षिक पाहिले. बेल्टवर स्वच्छ, कोरड्या, एकमेकींपासून सुट्या बाटल्या धावत होत्या. मशीन बाटलीवर निकट-अवरक्त प्रकाशाचा झोत टाकते. प्रत्येक प्लास्टिक त्यातला ठरावीक भाग शोषून घेते आणि परतलेल्या प्रकाशावरून ते कोणते हे कळते. बेल्टच्या टोकाला हवेचा फटकारा बसतो आणि नको असलेली वस्तू बाजूच्या कप्प्यात पडते. सेकंदाला तीन मीटरच्या आसपास वेगाने हे चालते. पाहून मी भारावलो. आपल्या गाडीतून चार गठ्ठे सोबत न्यावेत, एवढे साधे माझ्या मनात आले नाही. बेल्टवर माल किती विरळ सोडला आहे, हेही मी विचारले नाही. माल दाट झाला की बाटल्या एकमेकींवर चढतात आणि फटकारा एकीला मारायचा तो दोघींना बसतो. ताशी टनांचा आकडा एका चाचणीतला आणि शुद्धतेचा आकडा दुसऱ्या चाचणीतला असू शकतो. करारावर सही करताना दोन्ही मला एकाच ओळीत दिसले.

त्या ओळीत ९८ टक्के शुद्धता लिहिली होती. पुढे आमचा माल मोजला तेव्हा कळले की हाताने निवडायच्या आधीच त्यात साधारण ९५ टक्के पेट असते. म्हणजे लाखो रुपये घालून मी पाचाचे दोन करून घेत होतो. दोन टक्के म्हणजे टनामागे वीस किलो. खरेदीदाराची खरी हरकत पीव्हीसीला असते आणि ते तो टनामागे शंभर ग्रॅमच्या वर चालवून घेत नाही. पेट वितळवायला २६० अंशांच्या पुढे जावे लागते. पीव्हीसीचे त्याच्या कितीतरी आधी विघटन होते, ते आम्ल सोडते, पेटच्या रेणूंच्या साखळ्या तोडते आणि मालात पिवळेपणा व काळे ठिपके येतात. धुण्याच्या टाकीतल्या पाण्याने पीव्हीसी निघेल असेही मी धरून चाललो होतो. झाकणे पीपीची किंवा एचडीपीईची असतात, ती तरंगतात. पेट आणि पीव्हीसी मात्र दोन्ही बुडतात, कारण दोघांची घनता जवळपास सारखी. पीव्हीसी काढण्यासाठी दळल्यानंतर फ्लेक्सचा वेगळा सॉर्टर लागतो. तो मी घेतलाच नव्हता.

पहिल्या पावसाळ्यात सगळे उघडे पडले. चिखलाने माखलेल्या, चेपलेल्या, ओल्या बाटल्या येऊ लागल्या. पाणीही तोच प्रकाश शोषते, त्यामुळे चांगल्या बाटल्या नाकारल्या जाऊ लागल्या. अख्ख्या बाटलीवर घट्ट बसलेले श्रिंक स्लीव्ह आणखी त्रासाचे. प्रकाश स्लीव्हवर पडतो आणि आतली बाटली मशीनला दिसतच नाही. काजळीने काळे केलेले प्लास्टिक तर प्रकाश परत पाठवतच नाही. बेल्टवर माल निवडणाऱ्या एक मावशी उभ्या राहून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “दादा, हे कपडे बघून माणूस ओळखतंय.” सॉर्टरच्या आधी स्लीव्ह फाडणारे डिलेबलर लागते, हे मला त्या वाक्यानंतर पटले. ते बसवायला शेडमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून अख्खी लाइन हलवावी लागली.

मशीन येणार म्हणून मी बेल्टवरच्या निम्म्या बायकांना आधीच नको म्हटले होते, ही माझी सगळ्यात वाईट चूक. त्या बाटली उलटी करून बूड पाहायच्या. पेटच्या बुडाला मधोमध टिकली असते, पीव्हीसीच्या बुडावर आडवी रेघ. शंका आली तर मुडपून बघायच्या, कारण पीव्हीसी मुडपले की पांढरी घडी उमटते. हे ज्ञान माझ्याच शेडमध्ये उभे होते आणि मशीन निवडताना मी त्यांतल्या एकीलाही विचारले नाही. पुन्हा बोलावले तेव्हा काहीजणी आल्या. काहींनी दुसरीकडे काम धरले होते, आणि त्यांना यावे असे म्हणायचा मला अधिकारही नव्हता.

हवेचा खर्चही कोटेशनमध्ये नव्हता. फटकाऱ्यांना कोरडी, तेल नसलेली, दाब न पडणारी हवा लागते. माझ्या जुन्या कॉम्प्रेसरच्या हवेत ओल होती, व्हॉल्व्ह चिकटू लागले आणि ड्रायरसह नवा कॉम्प्रेसर घ्यावा लागला. वीज बिल त्यानंतर जे वाढले ते वाढलेच.

आज मशीन चालते आणि चांगले चालते. पण आधी डिलेबलर, नंतर फ्लेक्स सॉर्टर आणि नाकारलेल्या मालावर पुन्हा हात फिरवणाऱ्या बायका, एवढे मिळून. नाकारलेल्या ढिगात चांगले पेट किती गेले, हे आम्ही दर पाळीला वजन करून पाहतो, कारण शुद्धता वाढवली की त्या ढिगात चांगला मालही वाढतो.

तुम्ही सॉर्टर घ्यायच्या विचारात असाल तर दोन-तीन पुरवठादारांचे गठ्ठे जमिनीवर फोडा, प्रत्येक प्रकार वेगळा करून तोला. तोच माल, शक्य तर श्रावणातला ओला, विक्रेत्याच्या मशीनवर तुमच्या टनांच्या वेगाने चालवायला सांगा. दोन्ही कप्प्यांतला माल तुमच्या बायकांकडून हाताने निवडून घ्या आणि जे आकडे येतील तेच करारात लिहून मागा. विक्रेता नाही म्हणाला तर दुसरा बघा.