पाऊस बाजूला ठेवून

नगर जिल्ह्यातून पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या माणसाला कुणी विचारलं, "तुमच्याकडे पाहण्यासारखं काय आहे?" तर उत्तर ठरलेलं असे. शिर्डी, शिंगणापूर, फार तर नेहरूंना कैदेत ठेवलेला तो किल्ला. पुढचं वाक्यही तोच बोलून मोकळा होई: "बाकी काही नाही हो, दुष्काळी भाग आमचा." हेच गृहस्थ निवृत्तीनंतर गावी महिना-महिना मुक्काम ठोकू लागले, की पाहुण्यांना गाडीत घालून भलत्याच ठिकाणी नेताना दिसतात.

१७,०४८ चौरस किलोमीटरचा, राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. आता कागदोपत्री अहिल्यानगर. एवढ्या पसाऱ्यात दाखवण्याजोगं काही नव्हतं असं नाही. पण आज सत्तरीत असलेल्या पिढीनं १९७२चा दुष्काळ ऐन उमेदीत सोसला. खडी फोडायला गेलेले आईबाप, मिलोची भाकरी, कामावर मिळणारी सुकडी. त्या डोळ्यांना माळ म्हणजे न पिकणारं रान आणि नदी म्हणजे कोरडं पात्र. जमिनीकडं बघायचं ते एकाच हिशेबानं: औंदा पाऊस किती? पेन्शन सुरू झाली आणि पोट पावसावर राहिलं नाही, तेव्हा कुठं हा हिशेब बाजूला ठेवता आला.

पारनेर तालुक्यातलं निघोज घ्या. इथं कुकडीच्या पात्रात काळ्या बेसॉल्टमध्ये रांजणखळगे आहेत. पुराबरोबर आलेले दगडगोटे खडकाच्या खाचेत अडकतात, भोवऱ्यात गरगर फिरत राहतात आणि हजारो वर्षांत खडक आतून कोरून काढतात. काही खळगे हाताच्या ओंजळीएवढे, काहींत माणूस सहज उतरेल. दोन खळग्यांमधली भिंत झिजून फुटली, की त्यांची एकच वेडीवाकडी घळ होते. काठावर मळगंगेचं देऊळ, तिथं यात्रा भरते. गावच्या पोरांनी या खळग्यांपाशी पोहावं, बायकांनी धुणं धुवावं, यात नवल ते काय होतं! आता कॅमेरे घेऊन लांबून लोक येतात. गंमत अशी, की नदी दुथडी भरून वाहते तेव्हा यातलं फारसं काही दिसत नाही. पाणी ओसरून खडक उघडा पडला, की मग ते कोरीवकाम समोर येतं. ज्या कोरड्या पात्राची लाज वाटायची, तेच बघायला यायचं.

कर्जतजवळच्या रेहेकुरीचीही तीच कथा. १९८० साली जाहीर झालेलं हे काळवीट अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. झाडोरा विरळ, गवत गुडघाभर, मधूनमधून बाभळी. जंगल बघायला आलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत हिरमुसतो. पण काळविटाला हवं असतं ते हेच. लांबवर नजर जाणारं मोकळं रान, कारण धोका आधी दिसणं आणि सुसाट पळणं हाच त्याचा बचाव. शेतकऱ्यानं पडीक म्हणून सोडलेला माळ हे त्याचं भरलेलं घर आहे. तिन्हीसांजेला एखादा काळाभोर नर पिळदार शिंगं मिरवत उभा दिसला, की मघाचा हिरमुसलेला पाहुणा हळूच आवाज खाली आणतो.

पश्चिमेला अकोले तालुक्यात मात्र सगळं उलटं. पूर्वेच्या तालुक्यांत वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पावसावर समाधान मानायचं, तर घाटघरला तीन हजारांच्याही वर कोसळतो. १९२६ मध्ये पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण, त्याच्या काठी रतनवाडीचं कोरीव अमृतेश्वर, माथ्यावर १,६४६ मीटरचं कळसूबाई. पावसाआधीच्या दिवसांत काजव्यांनी लगडलेली झाडं पाहायला इथं मुंबई लोटते. मुळात हा सह्याद्रीच पूर्वेकडचा पाऊस अडवून धरतो. एकाच जिल्ह्यात चोर आणि ज्याची चोरी झाली तो, दोघेही नांदतात.

आणि दायमाबाद! श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठचं एक पांढरीचं टेकाड. १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना तिथं ब्राँझच्या चार वस्तू निघाल्या: बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. पुढं पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं आणि हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकालीन खुणा थेट या मातीत सापडल्या.

हे कौतुक पेन्शनवाल्याला परवडतं, हेही खरं. पाथर्डी-शेवगावची बिऱ्हाडं अजून दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघतात. त्यांना माळाची शोभा कुणी सांगू नये. पुणेकर पैसे मोजून ज्या हुरड्याला येतात, त्यासाठी गोवऱ्यांच्या आगटीपाशी धुरात डोळे चोळत कणसं भाजणारे हात गावातलेच असतात.

परत आलेल्यांच्या कितीतरी आधी इथली दौलत ओळखली ती गाव न सोडलेल्यांनी. अकोल्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. नातू वारंवार आजारी पडू लागला, तेव्हा त्यांचं लक्ष संकरित बियाण्यावर आणि औषधफवारणीवर गेलं. मग त्यांनी वाल, भात, भाज्या यांची गावठी वाणं जमवायला सुरुवात केली. 'बायफ' संस्थेची साथ मिळाली, घरात बियाणं बँक उभी राहिली आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बियाणं न्यायचं, तर पीक आल्यावर दुप्पट परत करायचं, असा तिथला रिवाज. त्यामुळं गावाच्या ओढीनं परतलेल्या निवृत्त मंडळींनी हौसेनं पिशवी पुढं करण्याआधी एक आठवून पाहिलेलं बरं: आपल्या वाट्याचं वावर अजून आहे, की पुण्यातल्या फ्लॅटसाठी कधीच विकून टाकलंय?